खुंटीवरचा दुपट्टा

बडेबाबू शिंकायच्या आधी दौतीचं झाकण लावत. शिंक आली की माणूस नाकाकडे हात नेतो, हे दौतीकडे नेत. एकदा झाकण सापडेना, तर त्यांनी शिंक परत पाठवली. डोळ्यांत पाणी आलं, कान लाल झाले, पण शिंकले नाहीत. टेबलाखाली झाकण सापडलं, ते दौतीला लावलं, मग सावकाश शिंकले आणि पुढची ओळ लिहायला घेतली.

हे सांगितलं की आमच्या घरची पोरं हसतात, म्हणतात आजोबा वाढवून सांगतात. मी कशाला वाढवू? माझं टेबल त्यांच्या समोर होतं. पुढची कित्येक वर्षं मी शिंक आली की आधी आजूबाजूला दौत आहे का ते पाहत होतो.

वैनगंगेच्या अलीकडे, ब्रह्मपुरीच्या बाजूला, जंगलातून तोडून आणलेलं लाकूड रचून ठेवायचा आमचा डेपो होता. कोणता ते सांगत नाही, काही जणांची पेन्शन अजून चालू आहे. जिल्हा तेव्हा एकच, चांदा. गडचिरोली त्यातलंच एक गाव. राजधानी आधी नागपूर होती, मग मुंबई झाली. डेपोतल्या लाकडांना त्याचा काही पत्ता लागला नाही.

डेपोत आम्ही चार कारकून. जंगलातून बैलबंड्या भरून लाकूड येई, ते लिहून घेणारा मी, आवकबाबू. ठेकेदारांना लिलावात विकलेलं लिहिणारा तो लिलावबाबू. फाटकाबाहेर लाकूड न्यायचा पास फाडणारा पासबाबू. आणि आम्हा तिघांच्या डोक्यावर बडेबाबू. गावच्या लोकांना घरासाठी, औतासाठी, डोंग्यासाठी सरकार सवलतीत लाकूड देई, त्याला निस्तार म्हणत. ते काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. माणसं चार, कामं चार आणि रजिस्टर एक. ते उघडलं की टेबल संपत असे. डेपोतल्या प्रत्येक खोडाला त्यात एक ओळ. ओळीचा शेवटचा रकाना रिकामा असला की खोड मोकळं, भरला की खोड कुणाचं तरी झालं.

"चार रजिस्टरं काऊन करत नाई जी?" मी नवा असताना विचारलं होतं.

"चार रजिस्टरं म्हंजे चार जंगलं," बडेबाबू म्हणाले. "जंगल एकच हाय."

असं बोलायची त्यांना खोड होती. माणूस बारीक, टोपी करकरीत, आणि स्वतःच्या अकलेवर विश्वास असा की विचारू नका. मॅट्रिकला चांगल्या मार्कांनी पास झालो हे दर आठवड्याला एकदा तरी सांगत. चुकून कुणी विसरलं असेल तर म्हणून.

त्यांचे तीन प्रश्न साऱ्या पंचक्रोशीत प्रसिद्ध होते. कुठे काही अडलं की ते चष्मा कपाळावर चढवून विचारत, "कोनाजवळ हाय? काऊन धरून ठेवलं? केव्हा सोडते?" गल्लीत दोन बंड्या समोरासमोर अडकल्या तरी हेच. भावाभावांचं भांडण लागलं तरी हेच. आमच्या पासबाबूचं पोट एकदा तीन-चार दिवस साफ होत नव्हतं, त्यालाही त्यांनी हेच विचारलं. त्यानं बिचाऱ्यानं तिन्हींची उत्तरं दिली.

आता ज्यावरून सगळं घडलं ते सांगतो.

नदीकाठच्या एका गावात चिरकुट नावाचा ढिवर, म्हणजे मासे धरणारा, होता. त्याचा डोंगा पुरात वाहून गेला. डोंगा म्हणजे एकाच खोडाला पोखरून केलेली नाव. त्याला जाड, सरळ, आतून न किडलेलं खोड लागतं, आणि तसं खोड सरळ माणसाइतकंच विरळ. डोंगा गेला तसा चिरकुट रोजीनं माती उचलायला जाऊ लागला. नदीतल्या डोहातली मासोळी काठावरून हाती लागत नाही. बापजाद्यांपासून नदीत वाढलेला माणूस, सडकेवर टोपलं घेऊन चालताना पाय कुठे ठेवावा हे त्याला कळत नसे.

"डोंगा नाई त नदी आमची कायची जी?" तो बडेबाबूंना म्हणाला. "दुरून पाहाची."

वरून त्याच्या नावचा मंजुरीचा कागद आला होता. बडेबाबूंनी रजिस्टर पाहिलं, एका चांगल्या खोडाचा रकाना रिकामा दिसला, लगेच तिथे चिरकुटचं नाव लिहिलं आणि सांगितलं, "जाय, बैल घेऊन ये. खोड तुयं झालं."

आता गंमत अशी, की त्याच सकाळी लिलावबाबूनं तोच रकाना रिकामा पाहिला होता. त्यानं मोकळ्या खोडांचे नंबर चिठ्ठीवर उतरवले आणि आवारात जाऊन लिलाव पुकारला. परत आला, चिठ्ठीत रिकामं होतं म्हणजे रजिस्टरातही रिकामंच असणार असं धरलं, आणि आधी काय लिहिलंय ते न वाचताच चिरकुटच्या नावावर दाटीवाटीनं ठेकेदाराचं नाव चढवलं. पासबाबूनं वरचं नाव वाचून पास फाडला. संध्याकाळी ठेकेदाराचा ट्रक खोड घेऊन गेला. कुणी चोरी केली नाही, कुणी लाच खाल्ली नाही. दोघांनी पाहिलं ते खरं होतं, फक्त एकाचं शिळं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी चिरकुट आला. दोन बैलजोड्या, एक साळा, कुंकवाची पुडी आणि नारळ. खोडाची पूजा केल्याशिवाय त्याला बैल जुंपत नाहीत. आवारात खोड होतं तिथे नुसती मातीत उमटलेली घळ. चिरकुट त्या घळीकडे पाहत राहिला. मग नारळ दोन्ही हातांत धरून त्यानं विचारलं, "मंग नारळ कुठी फोडू जी?"

बाप्पा! तो भांडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. बडेबाबूंनी तीन प्रश्नांतला एकही विचारला नाही. त्या दिवशी त्यांनी डबाही उघडला नाही. शेवटी म्हणाले, "पुढचं तसं खोड आलं का थे तुयं. मी सांगून राह्यलो तुले."

"मंग नारळ इथीच ठेवा जी," चिरकुट म्हणाला. "मी येतोच."

नारळ कपाटावर राहिला. रोज सकाळी बडेबाबू त्याच्यावरची धूळ झटकत.

तिसऱ्या दिवशी ते खुंटी, हातोडी आणि एक लाल दुपट्टा घेऊन आले. आमच्याकडे पुरुषाच्या खांद्यावरच्या पंच्यालाही दुपट्टाच म्हणतात. रजिस्टरच्या टेबलामागे भिंतीत त्यांनी लाकडी खुंटी ठोकली, तिच्यावर दुपट्टा टांगला आणि आम्हाला उभं करून नियम सांगितला. ज्याच्या खांद्यावर दुपट्टा, त्यानंच रजिस्टरात लिहायचं. पाहून, लिहून, ओळ पूर्ण करून दुपट्टा परत खुंटीवर. खुंटीवर नसेल तर दुसऱ्यानं लेखणीला हात लावायचा नाही. आणि दुपट्टा या हातातून त्या हातात द्यायचा नाही. आधी खुंटीवर, मगच दुसऱ्याच्या खांद्यावर.

"हातातून हाती देल्ला त काय बिघडते?" लिलावबाबूनं विचारलं.

"मंग भाऊबंदकी सुरू होते," बडेबाबू म्हणाले. "खुंटी कोनाची सोयरी नसते."

दोघांना दिलेल्या खोडाबद्दल वरून विचारणा आली होती, त्यामुळे डेपोचे अधिकारी, आमचे साहेब, घाबरलेले होते. बडेबाबूंनी नियम लिहून पुढे केला तशी त्यांनी मुकाट्यानं सही ठोकली. हे लक्षात असू द्या.

मग आमचे हाल सुरू झाले. नुसतं पाहायला दुपट्टा लागत नाही, असं त्यांनी ठरवलं. पण पाहणाऱ्यानं हात पाठीमागे बांधून पाहायचं, आणि कुणी पाहत असेपर्यंत लिहिणाऱ्यानं थांबायचं. झालं! लिलावाच्या हंगामात ठेकेदारांची रांग लागे. हात मागं बांधून एक वाकला, तो हलायच्या आत दुसरा वाकला. मी खांद्यावर दुपट्टा टाकून लग्नातल्या नवरदेवासारखा उभा. बाहेर बंड्या खोळंबलेल्या. शेवटी बडेबाबूंनी दुरुस्ती केली, की दुपट्टा उचलला गेला की नव्यानं कुणी वाकायचं नाही, जे वाकले असतील त्यांचं तेवढं आटपू द्यायचं.

कुणी दुपट्टा धरून बसू नये म्हणून मध्यंतरी विडीचा नियमही झाला. एक विडी जळेस्तोवर दुपट्टा, मग सोडायचा. पहिल्याच दिवशी पासबाबूची विडी नंबर लिहून झाल्यावर आणि नाव लिहायच्या आधी संपली. दुपट्टा सुटला, ओळ अर्धी राहिली, आणि ते लाकूड दुपारभर कुणाचंच नव्हतं. बडेबाबूंनी विडीचा नियम तिथल्या तिथे रद्द केला. "अर्ध्या ओळीपरीस उशीर बरा," म्हणाले.

हातोड्याचा किस्सा तर सांगायलाच हवा. खोड फाटकाबाहेर जायच्या आधी त्यावर सरकारी शिक्क्याचा हातोडा ठोकावा लागे. हातोडा एकच. एका दिवशी बडेबाबू ब्रह्मपुरीला गेले होते. पासबाबूच्या खांद्यावर दुपट्टा, लिलावबाबूच्या हातात हातोडा. पासबाबू म्हणे, हातोडा दे मग माझं होते. लिलावबाबू म्हणे, दुपट्टा सोड मग माझं होते. दोघेही आपापल्या जागी बरोबर. दोघेही समोरासमोर बसले ते जेवायलासुद्धा उठले नाहीत. बाहेर खोळंबलेल्या बैलांनी चौकीदाराच्या झोपडीचं छप्पर खाल्लं. संध्याकाळी बडेबाबू आले, सायकल भिंतीला टेकवली, दोघांना तीन प्रश्न विचारले. दोघांचीही उत्तरं सारखीच आली. दुसऱ्या दिवशी खुंटीखाली पाटी लागली: आधी दुपट्टा, मग हातोडा. ज्याच्याजवळ दुपट्टा नाही त्यानं हातोड्याकडे पाहायचंही नाही.

त्यांच्या घरी न्हाणीच्या दारालाही खुंटी होती. मी एकदा चहाला गेलो तेव्हा त्यांच्या बाई म्हणाल्या, "लग्नात अंतरपाट धरला होता ना भाऊ, थो यायनं अजून सोडला नाई." बडेबाबूंनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "न्हाणीत कोनी कोनावर गेलं का आजवर? नाई ना?" बाईंना कबूल करावं लागलं.

एक पावसाळा गेला, हिवाळाही गेला. चिरकुट दर बाजाराच्या दिवशी येई, फाटकाशी बसे, कपाटावरच्या नारळाकडे एकदा पाही आणि जाई. त्या दिवशी बडेबाबू उगाच माझ्यावर खेकसत.

आणि मग लिलावाच्या आदल्या संध्याकाळी एका बंडीवरून ते खोड आलं. मीच उतरवून घेतलं. जाड, सरळ. बडेबाबू स्वतः आवारात आले, बोटांनी टकटक केलं, खोडाला कान लावला. "भरीव हाय," म्हणाले. चौकीदाराला लगेच चिरकुटच्या गावी पिटाळलं. मी खोडाची ओळ लिहिली, दुपट्टा खुंटीवर ठेवला. बडेबाबू हात धुवून येईपर्यंत पासबाबूनं तो उचलला होता, त्याचे दोन-चार पास राहिले होते. बडेबाबू म्हणाले, "होऊ दे त्याचं. सकाळी पयलं काम माझं."

सकाळी खुंटी रिकामी.

पास फाडता फाडताच पासबाबूला रात्री हिवताप भरला होता आणि तो पहाटेच चिमूरच्या वाटेवरच्या आपल्या गावी बंडीत बसून निघून गेला होता. थंडी वाजत होती, तर खांद्यावर होतं तेच डोक्याला गुंडाळलं. आमचा लाल दुपट्टा.

इकडे आवारात ठेकेदार जमलेले. मागच्या वेळी ज्यानं खोड नेलं तोही होता, ट्रकसकट, आणि त्याची नजर नेमकी या नव्या खोडावर. लिलाव सुरू होताना ज्याचा रकाना रिकामा, ते खोड पुकाऱ्यात जायचं, असा रिवाज. आणि हा रकाना रिकामा होता. फाटकाशी चिरकुट बैल घेऊन उभा. या वेळी साळ्याबरोबर बायकोही आली होती.

साहेब बाहेर आले. "बडेबाबू, उघडा रजिस्टर. मोकळी खोडं लिहून घ्या आणि लिलाव सुरू करा."

"दुपट्टा नाई साहेब. उचलला असला का वाकून पाहताबी येत नाई."

"अहो, दुपट्टा काय घेऊन बसलात! मी हुकूम देतो."

"लेखी द्या साहेब."

"देतो लेखी."

"लेखी हुकूम आला का त्याची नोंद रजिस्टरात करा लागते," बडेबाबू म्हणाले. "नोंदीले दुपट्टा लागते. तुमचीच सही हाय त्या नियमावर."

साहेबांनी भिंतीवर चिकटवलेल्या नियमाच्या कागदाकडे पाहिलं. खाली त्यांची सही होती, वळणदार. सहीवाल्या माणसाला आपल्याच सहीसारखा शत्रू नसतो.

ठेकेदार हसत पुढे झाला. "एवढंच ना? माझा ट्रक आहे. कुठं गेला तुमचा दुपट्टा?" लिलावबाबूनं टुणकन उडी मारून ट्रकात जागा पकडली. त्याचा डाव मला तेव्हाच कळला. त्यानं दुपट्टा आणला, खांद्यावर टाकला, की पहिली ओळ त्याची, आणि चिरकुटच्या नशिबी पुन्हा मातीतली घळ.

"तुमी सायकल काढा ना जी!" मी बडेबाबूंना अक्षरशः ओढलं. "ट्रक सुरू व्हायले येळ लागते. नाल्याजवळून आडवाट हाय!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, स्टूल उचललं, खुंटीच्या बरोबर खाली ठेवलं आणि त्यावर बसले. हात मांडीवर. धूळ उडवत ट्रक गेला. मला इतका राग आला की काय सांगू. बाहेर एक माणूस वर्षभर वाट पाहून उभा आहे, आणि हे उंटावरचे शहाणे भिंतीला पाठ लावून बसलेत. मी तोंडावर म्हटलं, "तुमाले त्या चिरकुटचं काहीच वाटत नाई का जी?"

"कपाटावरून नारळ काढ," ते म्हणाले. "आन धूळ झटक."

दुपार कलली. ठेकेदार झाडाखाली पत्ते खेळले, साहेब आतबाहेर करून थकले. बडेबाबू पाणी प्यायलाही उठले नाहीत. मी भांडं नेऊन दिलं ते बसूनच प्यायले. उन्हं उतरताना ट्रक आला. आधी लिलावबाबू उतरला, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

"देत नाई!" तो ओरडला. "अर्धा रस्ता झोंबलो त्याच्याशी. म्हंते, हातातून हाती देनार नाई. खुंटीवरच ठेवीन. म्हनून घोंगडीसकट उचलून आनला!"

ट्रकाच्या पुढच्या सीटवरून पासबाबू उतरला. अंगावर घोंगडी, डोक्याला लाल दुपट्टा, दात वाजत होते. लिलावबाबूनं त्याला काखेत धरून आत आणलं. एक हात त्याच्या बगलेत, दुसरा घोंगडी सावरण्यात. खुंटीखाली बडेबाबू उभे राहिले आणि स्टूल बाजूला सरकवून त्यांनी वाट दिली. पासबाबूनं डोक्याचा दुपट्टा सोडला, खुंटीवर ठेवला आणि तिथेच खाली बसला. लिलावबाबू त्याला सावरतो आहे तोवर बडेबाबूंनी हात वर करून दुपट्टा काढला आणि आपल्या खांद्यावर टाकला.

नियम पाळला गेला होता. त्यांनी चिरकुटचं नाव लिहिलं, ओळ पूर्ण केली, हातोडा घेतला, आवारात गेले आणि शिक्का स्वतः ठोकला. परत येऊन दुपट्टा खुंटीवर ठेवला. "आता घ्या," लिलावबाबूला म्हणाले. "ज्याले लिहाचं थ्यानं लिहा."

चिरकुटनं खोडावर नारळ फोडला. आत पाणी नव्हतं, सुकून गोटा झाला होता. त्यातला पहिला तुकडा त्यानं बडेबाबूंना दिला. ते म्हणाले, "कडक हाय," आणि चावत राहिले. मला तर रडूच आलं, मी लाकडांच्या थप्पीमागे गेलो.

साहेब त्या दिवशी एवढंच म्हणाले, "बडेबाबू, तुम्ही फार नियमाचे बुवा." त्यात कौतुक नव्हतं. पावसाळा संपता संपता बदलीचा हुकूम आला. सिरोंचा, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. आमच्याकडे सिरोंच्याला बदली झाली हे सांगताना माणसं आवाज खाली घेत, घरात कुणी आजारी असल्यासारखा.

त्यांच्या बाई माहेरी राहणार होत्या, घर मिळालं की मागून जाणार होत्या. निघायच्या दिवशी बडेबाबू डेपोत निरोप घ्यायला आले. त्यांच्या खुर्चीत आता लिलावबाबू बसत होता. चहा सांडला, तर त्यानं हात मागे करून खुंटीवरचा दुपट्टा ओढला आणि त्यानं टेबल पुसलं. बडेबाबूंनी पाहिलं. टोपी नीट केली आणि बाहेर पडले.

मी त्यांना सायकलवर ट्रंक लादून नदीपर्यंत सोडायला गेलो. पलीकडे आरमोरीच्या सडकेवर गडचिरोलीकडे जाणारी मोटार दिवसातून एकदाच येई. काठावर डोंगा बांधलेला होता. तोच. पाण्यात काय देखणा दिसत होता! वल्हं आत. चिरकुट झाडाखाली जाळं विणत बसला होता. बडेबाबूंना पाहून धावत आला, पाया पडला, बायकोला हाक मारली. मी ट्रंक उतरवली, मोटारीची वेळ सांगितली, तसा तो मागे वळून वाळूकडे पाहू लागला.

मी त्याच्या नजरेच्या रोखानं पाहिलं. वाळूत एक बांबू रोवलेला, बांबूला एक खुंटी. रिकामी.

"दोन टोले हायेत ना जी आमचे, वरची वस्ती आन खालची," चिरकुट म्हणाला. "खोड मायं, पन पोखराले सारे लागले, म्हनून डोंगा साऱ्यायचा. भांडनं होऊन राह्यली होती. मंग तुमच्यासारकाच दुपट्टा केला. थो ज्याच्याजवळ असन त्यानंच डोंगा सोडाचा."

बडेबाबूंनी चष्मा कपाळावर चढवला. "कोनाजवळ हाय?"

"खालच्या टोल्यातल्या बुढ्याजवळ."

"काऊन धरून ठेवला?"

"बाजारात गेला, खांद्यावर तसाच राह्यला."

"केव्हा सोडते?"

"बाजार उठला का."

मला राहवेना. "अरे, डोंगा इथी हाय, वल्हं इथी हाय, तू इथी हायेस! आन ह्या मानसानंच तुले डोंगा देल्ला ना रे!"

चिरकुटनं हात जोडले. डोळ्यांत पाणी. "यायच्यासाठी जीव देतो जी. पन दुपट्टा नाई."

पलीकडच्या काठावर धूळ उठली, मोटार आली, थोडी थांबली आणि गेली. बडेबाबू ट्रंक ओढत बांबूखाली गेले आणि तिच्यावर बसले. हात मांडीवर.

बाजार उठल्यावर बुढा आला. जीभ चावत त्यानं दुपट्टा खुंटीवर ठेवला. बडेबाबूंनी लगेच काढून आपल्या खांद्यावर टाकला. चिरकुटनं वल्हं घेतलं. पलीकडच्या गावात त्याची बहीण होती, रात्री तिच्याकडे मुक्काम करायचा ठरलं. मी काठावरून पाहत होतो. डोंगा पलीकडे लागला, ट्रंक उतरली, बडेबाबू उतरले, खांद्यावरचा दुपट्टा चाचपला, आणि परत डोंग्यात बसले. परत अलीकडे आले. डोंग्यातून उतरून त्यांनी आपल्या हातानं दुपट्टा खुंटीवर ठेवला.

ट्रंक पलीकडे आणि आपण अलीकडे, हे त्यांच्या मग लक्षात आलं.

"चुकलं," ते म्हणाले. "पयलेच चिरकुटच्या खांद्यावर पायजे होता."

मी हसायला लागलो, मला आवरेचना. चिरकुट हसला, बुढाही हसला. बडेबाबू हसले नाहीत. खुंटीवरचा दुपट्टा वाऱ्यानं उडत होता, तो त्यांनी नीट केला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "डेपोत त्यानं दुपट्ट्यानं टेबल पुसला. इथी यायनं दुपट्ट्यापायी मले मोटार चुकवली. आता सिरोंच्याले जायले हरकत नाई."

चिरकुटनं दुपट्टा खुंटीवरून काढला आणि आपल्या खांद्यावर टाकला. बडेबाबू डोंग्यात बसले. मधल्या धारेला लागले असतील, तेव्हा पाण्यावरून त्यांची शिंक ऐकू आली. मोठी, मोकळी. दौत ट्रंकेत होती आणि ट्रंक पलीकडे होती.